वाढीव वॉरंटी : किलोमीटर नव्हे, दिवस मोजा

मा. संपादक,
स. न.

नवी मोटरसायकल घेताना शोरूमवाले वाढीव वॉरंटीही गळ्यात घालतात. ती टिकते सर्व्हिसिंगच्या अटींवर, आणि या अटी लिहिणाऱ्याने आपल्याकडचा पावसाळा पाहिलेला दिसत नाही.

खरी मेख ‘जे आधी होईल ते’ या शब्दांत आहे. समजा, पुस्तिकेत 3000 किलोमीटर किंवा 100 दिवस लिहिले आहेत. घर, वावर आणि आठवडी बाजार एवढीच फिरणारी गाडी तेवढ्या दिवसांत हजार-बाराशे किलोमीटर चालते. मालक मीटर पाहून निश्चिंत असतो, तिकडे मुदत संपलेली असते. कापूस वेचणीच्या दिवसांत सर्व्हिसिंगसाठी तालुक्याला जाऊन दिवस मोडणे कोणाला परवडते? भामरागडकडे तर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. म्हणून पेरणीआधीच सर्व्हिसिंग उरकावी. मुदतीच्या किती दिवस आधी चालते, ते सेंटरला विचारून घ्यावे.

दरवेळी जॉबकार्ड (केलेल्या कामाची नोंद असलेला कागद) आणि बिल मागून घ्या. त्यावर तारीख, मीटरचे रीडिंग आणि टाकलेल्या ऑइलचा ग्रेड हवा. पुस्तिकेतला शिक्का पुरेसा नाही; कंपनीच्या संगणकात नोंद झाली का, तेही तिथेच पाहा. मीटर बंद पडला तर लगेच दुरुस्त करून जॉबकार्डवर लिहून घ्या, नाहीतर छेडछाडीचा संशय येतो.

आपल्या पांदण रस्त्यांवरची धूळ इंजिनाचे मोठे नुकसान करते. अनेक गाड्यांत तेलाचा थर असलेला कागदी एअर फिल्टर असतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो, आणि धुळीत पुस्तिकेतल्या अंतरापेक्षा लवकर. धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासतात, गाडी ऑइल खाते, धूर सोडते. मग क्लेममध्ये ‘देखभालीअभावी’ असा शेरा पडतो. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, केबल हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत नसतातच.

हॉर्न किंवा एलईडी लावायला मूळ वायर कापली, तर वायरिंगचा क्लेम गेलाच म्हणा. दुधाच्या कॅनसाठी कॅरिअर वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेली राहिली, तर इंजेक्शनवाल्या बीएस-6 गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जळू शकतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखीच मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 2 वर्षांच्या आत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करण्याच्या अटीवर स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये मोटार कंपन्यांना फटकारले होते. ते प्रकरण चारचाकींचे होते आणि पुढे अपिलातही गेले, तरी तक्रारीत मांडायला मुद्दा चांगला आहे.

कंपन्यांनी पावसाळ्यापुरती तरी दिवसांच्या अटीत महिनाभराची सवलत द्यावी, आठवडी बाजाराच्या गावी सर्व्हिसिंग शिबिरे घ्यावीत आणि अटींचा कागद मराठीत, पैसे घेण्याआधी हातात द्यावा.

– एक दुचाकी मेकॅनिक, जि. यवतमाळ