गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे सदोष काम आणि हमी नाकारल्याबाबत तक्रार

दिनांक : 18 ऑगस्ट 2025
रत्नागिरी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : राहत्या घराच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग पहिल्याच पावसात निकामी ठरल्याबाबत आणि आपण हमी नाकारल्याबाबत.

संदर्भ : आपले दि. 28 एप्रिल 2025 चे कोटेशन, दि. 19 मे 2025 चे बिल व हमीपत्र, आणि दि. 6 ऑगस्ट 2025 चा आपला ई-मेल.

महोदय,

रत्नागिरीतील आमच्या राहत्या घराच्या 900 चौरस फूट गच्चीचे वॉटरप्रूफिंग आपल्या कंपनीने 17 ते 19 मे या तीन दिवसांत केले. चौरस फुटाला 78 रुपये या दराने 70,200 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे एकूण 82,836 रुपये मी आपणास दिले असून, त्यातील अर्धी रक्कम आगाऊ आणि उरलेली काम संपले त्याच संध्याकाळी दिलेली आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याच गच्चीखालच्या दोन खोल्यांत पाणी गळत आहे. जून आणि जुलैमध्ये मी चार वेळा तक्रार नोंदवली. 29 जुलैला आपले अभियंता पाहणी करून गेले आणि 6 ऑगस्टच्या ई-मेलने आपण कळवलेत की गळती स्लॅबच्या संरचनात्मक तड्यांमुळे होत असल्याने ती हमीच्या कक्षेत बसत नाही. हे कारण मला मान्य नाही आणि ते का मान्य नाही, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर 2001 साली बांधलेले, चिऱ्याच्या भिंतींचे आणि वर सिमेंटच्या स्लॅबचे आहे. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे. कोकणातला पाऊस काय असतो हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्या आळीतील बहुतेकांनी स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातले आहेत आणि आम्हालाही शेजाऱ्यांनी तेच सुचवले होते. आपल्या प्रतिनिधींनी मात्र पाहणीच्या वेळी सांगितले की काम पद्धतशीर झाले तर पत्र्यांची गरज नाही, आणि आपण दहा वर्षांची लेखी हमी देता. ती हमी पाहूनच मी पत्र्यांचा विचार सोडला.

आता काम कसे झाले ते लिहिते. आपल्या कोटेशनमध्ये आठ दिवसांचे काम दाखवले आहे आणि त्यातील टप्पे आपल्याच शब्दांत असे आहेत : तारेच्या ब्रशने जुना थर व शेवाळ काढून पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा करणे, तडे ‘व्ही’ आकारात कापून पॉलिमरमिश्रित मसाल्याने भरणे, पाणी साचणाऱ्या भागातील उतार दुरुस्त करणे, गच्ची आणि कठडा जेथे मिळतात तेथे चारही बाजूंनी वाटा (सांधा बुजवणारा गोलसर उतरता भराव) करणे, पाइपच्या तोंडाभोवतीचा भाग फोडून नव्याने भरणे, जाळी अंथरून दोन थर देणे आणि शेवटी गच्चीत पाणी साठवून चाचणी घेणे. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दुपारपर्यंत झाडून व पाणी मारून सफाई उरकली. तडे कापण्याचे यंत्र आणलेच नव्हते. तडे वरूनच लिंपले गेले. वाटा फक्त पुढच्या बाजूच्या कठड्याला केला, मागच्या आणि डावीकडच्या बाजूला तो नाहीच. वायव्य कोपऱ्यात पाणी साचते हे आपल्या पाहणी अहवालातच नोंदलेले असूनही तेथील उतार आहे तसाच आहे आणि पावसाने उघडीप दिली की आजही तेथे बोटभर पाणी उभे असते. बिलात वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचे 20 लिटरचे तीन डबे लावले आहेत. आमच्या गच्चीवर दोनच उघडले गेले आणि ते दोन्ही रिकामे डबे अजून माझ्याकडे आहेत.

याहूनही गंभीर बाब ओलाव्याची आहे. काम सुरू होण्याआधी दोन दिवस येथे वळवाच्या जोरदार सरी पडल्या होत्या आणि कोबा पाणी पिऊन बसला होता. विटांच्या कोब्यात शिरलेले पाणी एका उन्हात निघून जात नाही, आणि ते आत असतानाच वरून रबरासारखा थर दिला तर उन्हाने तापल्यावर त्या ओलाव्याची वाफ थराला खालून उचलते, हे मला आपल्याच माहितीपत्रकातून कळले. नेमके तेच झाले. मे संपण्यापूर्वीच थराला फुगे आले, जूनमध्ये ते फुटले आणि आता तो थर कडेने हाताने सोलून निघतो. सोललेल्या तुकड्याच्या खालच्या बाजूला शेवाळाची भुकटी चिकटलेली आहे. म्हणजे जुने शेवाळ न काढताच त्यावर थर दिला गेला, असाच त्याचा अर्थ मला दिसतो. त्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत आणि तुकडा जपून ठेवला आहे.

कामावर आलेल्या मुलांना मी दोष देत नाही. ती उन्हात राबली आणि विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली. पुढचे काम लागले असल्याने तीन दिवसांत उरका असा निरोप त्यांना आपल्या सुपरवायझरकडून होता, हे त्यांनीच मला सांगितले. पाण्याच्या चाचणीबद्दल मी सुपरवायझरना फोनवर विचारले तेव्हा, पाऊस जवळ आला आहे, तोच चाचणी घेईल, असे उत्तर मिळाले. यंदा पाऊस लवकर आला हे खरे. 26 मे रोजी तो मुंबईतही दाखल झाला होता. पण चाचणी पावसाआधी घ्यायची ती एवढ्याचसाठी, की गळती सापडली तर ती कोरड्या दिवसांत दुरुस्त करता यावी.

आता आपण दिलेल्या कारणाबद्दल. गळती स्लॅबच्या तड्यांमधून असती तर ती तड्यांच्या रेषेत दिसली असती. ते तडे गच्चीच्या मध्यभागी, दिवाणखान्याच्या वर आहेत, आणि दिवाणखान्याचे छत आजही कोरडे आहे. पाणी येते ते मागच्या खोलीत, भिंत आणि छताच्या सांध्यातून, म्हणजे जेथे वाटा केला नाही बरोबर त्या कठड्याखाली; आणि दुसरे, पाइपच्या तोंडाखालच्या कोपऱ्यात, जो भाग फोडून नव्याने भरायचा होता आणि भरलेला नाही. पाऊस थांबल्यानंतरही दोन-दोन दिवस थेंब पडत राहतात, यावरून पाणी कोब्यात साठून राहिले आहे हे उघड आहे. शिवाय आपल्या एप्रिलच्या अहवालात याच तड्यांची नोंद ‘केसासारखे तडे, भरून घेणे’ अशी आहे. काम मिळवताना जे तडे केसाएवढे होते ते हमीची वेळ आल्यावर तीन महिन्यांत संरचनात्मक कसे झाले, याचे उत्तर आपल्या ई-मेलमध्ये नाही. आपले अभियंता गच्चीवर जेमतेम दहा मिनिटे होते, आणि मागच्या खोलीत तर ते आलेच नाहीत.

त्या खोलीत माझी 81 वर्षांची आई राहत असे. छताच्या पंख्याच्या हुकातून पाणी उतरू लागल्यावर घरातील ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) वारंवार ट्रिप होऊ लागला, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीची वीज तोडून घ्यावी लागली आणि आईचा पलंग दिवाणखान्यात हलवला. जूनपासून ती तेथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीत झोपते. तिला दम्याचा त्रास आहे आणि भिंतींवर काळी बुरशी चढली आहे. भिंतीला लोणा लागून प्लास्टर फुगले आहे आणि छताला एका ठिकाणी पोपडा सुटून आतली सळई दिसू लागली आहे. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीच्या काँक्रीटला तडे पाडते. त्यामुळे हे दुखणे जितके लांबेल तितका स्लॅबच धोक्यात येईल, आणि मग जे तडे पडतील ते खरोखरच संरचनात्मक असतील.

माझे म्हणणे असे की, पाऊस संपेपर्यंत कायमची दुरुस्ती होणार नाही हे मला समजते आणि ओल्या कोब्यावर पुन्हा थर द्यावा अशी माझी मागणीही नाही. परंतु हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत मागच्या बाजूच्या कठड्यावर व पाइपच्या भागावर जाड ताडपत्रीचे तात्पुरते आच्छादन आपल्या खर्चाने नीट बांधून द्यावे. पावसाळ्यानंतर कोबा पूर्ण वाळला आहे हे ओलावा मोजण्याच्या यंत्राने माझ्यासमोर तपासून, सध्याचा थर काढून टाकून, कोटेशनमधील प्रत्येक टप्पा नव्याने व विनामूल्य करावा, आणि थर सुकल्यावर किमान 72 तास पाणी साठवून त्याचा अहवाल माझ्या सहीसह द्यावा. दहा वर्षांची हमी त्या तारखेपासून मोजली जावी. आतील नुकसानीपोटी प्लास्टर व रंगकामाचे 24,600 रुपये, कपाटाची मागची बाजू बदलण्याचे 6,400 रुपये आणि इलेक्ट्रिशियनला दिलेले 1,850 रुपये असे एकूण 32,850 रुपये मला मिळावेत. पहिल्या दोन रकमांची अंदाजपत्रके आणि तिसरीची पावती सोबत आहे. हे सर्व करणे आपणास शक्य नसेल, तर वरील भरपाईखेरीज कामाचे 82,836 रुपये परत करावेत, म्हणजे मी दिवाळीनंतर दुसऱ्याकडून काम करून घेईन किंवा पत्रे घालीन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागीन. या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपले मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असल्याची अडचण मला येणार नाही. तेथवर जाण्याची माझी इच्छा नाही. मला घर कोरडे हवे आहे.

ताडपत्रीसाठी माणसे पाठवताना आदल्या दिवशी कळवावे. मी सकाळी अकरापर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर घरी असते. मधल्या वेळेत आई एकटी असते आणि तिला जिना चढून गच्चीचे कुलूप काढता येत नाही.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : कोटेशन, पाहणी अहवाल, बिल व हमीपत्राच्या प्रती, चारही तक्रारींच्या नोंदी, छायाचित्रे, दोन अंदाजपत्रके व इलेक्ट्रिशियनची पावती.