भाकरी आणि आरसा

मंगळवेढा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू मधेच फोन ठेवलास, मग मीही पुन्हा लावला नाही. राग आला म्हणून नव्हे. "अण्णा, रिपोर्ट माझा आहे," असं म्हणालीस आणि मला पुढे बोलताच येईना. जेवणाचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

तुझ्या साखरेच्या रिपोर्टमधला एचबीए१सीचा आकडा ७.१ ऐकून आई देवापाशी जाऊन बसली. तिला मी सांगितलं, ६.५ पासून वर मधुमेह धरतात, मनू थोडीच वर आहे. तो आकडा साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब असतो, म्हणजे पुढच्या तीन महिन्यांत खाली आणता येतो. माझा पहिला आकडा अकराच्या वर होता. तरी मी तेव्हा पाय बघत नव्हतो. तू रात्री पाय बघतेस ना?

भात सोड असं मी म्हणणार नाही. जावईबापू सावंतवाडीचे, त्यांच्या घरात भाताशिवाय ताट नाही. पण त्यांच्याकडचा उकडा तांदूळ मागव. पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळापेक्षा त्याने साखर सावकाश चढते. आधी काकडी-भाजी, मग उसळ, आणि भात शेवटी एक वाटी. वाटीच, पातेल्यातून अंदाजाने नको.

ज्वारीचं मात्र नीट ऐक, कारण तिथे मी स्वतः चुकलोय. मालदांडीची भाकरी म्हणजे औषधच समजून मी तीन-तीन खायचो. साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मास्तर, भाकरीतही पिष्टच आहे, फक्त कोंड्यासकट आहे. आता दीड भाकरी आणि पालेभाजी भरपूर. नाचणी चांगली म्हणून तिचं पातळ सत्त्व पीत बसू नकोस, ते भराभर पचतं. त्यापेक्षा भाकरी चावून खा. आणि चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी बंद कर. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. गोळ्या सुरू असताना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासच नको.

बघ, केलीच ना पोलीसगिरी. चुकलो. तू दोन पोरं आणि नोकरी सांभाळतेस, आणि मी इथे बसून तुझं ताट मोजतोय.

तुला आठवतं का, आई भाकऱ्या थापायला बसली की परातीच्या कडेला लागलेल्या पिठाची तुझ्यासाठी चानकी, इवलीशी भाकरी, करायची? फुगली की तू तिला बोटाने भोक पाडायचीस, वाफ लागली की ओरडायचीस. तेव्हा कंडक्टरच्या पगारात गहू सणालाच यायचा. पुढे पगार वाढला, घरात चपाती आली, पाव आला, आणि भाकरी गरिबीची म्हणून आम्हीच मागे सारली. ड्युटीवर मी वडापाव आणि साखरेचा चहा यांवर दिवस काढले. पंढरपूरच्या गाडीवर बुटात खडा गेला होता, संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसला तेव्हा कळलं. दुखलंच नव्हतं मनू, साखरेने पाय बधिर झाला होता. बोट गेलं ते त्याच खड्याने. म्हणून म्हणतो, अनवाणी फिरू नकोस, गच्चीवरसुद्धा. बोटांच्या बेचक्यांत बघत जा.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस, लवकर तपासून घेतलंस. डेपोतल्या सगळ्यांना मी सांगतो, माझी मनू साहेब आहे.

आपल्या डेपोच्या गाडीने यंदाची दहा किलो ज्वारी पाठवतोय. आठवड्याला लागेल तेवढीच दळ, पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी मोडते. पिशवीत माझा दाढीचा गोल आरसा टॉवेलात गुंडाळून ठेवलाय. तळवे दिसत नाहीत म्हणून. पलंगाशेजारी ठेव. मी दुसरा घेतलाय.

तुझे
अण्णा