गल्ल्यावर बोलता तसंच लिहा की!

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या कोल्हापूरच्या धंदेवाल्यांच्या लिहिण्याबद्दल बरेच दिवस मनात होतं, जागा असेल तर छापा.

मी उद्यमनगरात एका मशीन शॉपच्या ऑफिसात कोटेशन, ईमेल, वसुलीची पत्रं असलं सगळं बघतो. दिवसभर दुसऱ्यांचं वाचायचं आणि आपलं पाठवायचं. त्यात रोज दिसतं की बोलताना जो माणूस समोरच्याला खुर्चीवरनं उठू देत नाही, तोच लिहायला बसला की एकदम परका होतो. शिरोलीतला एखादा फौंड्रीवाला, म्हणजे लोखंड वितळवून ओतीव भाग (कास्टिंग) बनवणारा, चहा पिता पिता सांगेल, दोन किलोपासून चाळीस किलोपर्यंत कास्टिंग काढतो, पॅटर्न म्हणजे साचा आमच्याकडंच बनतो, ब्लोहोल म्हणजे आत हवेचं भोक निघालं तर आमच्या गाडीनं पीस परत आणून बदलून देतो. ऐकणारा लगेच ड्रॉइंग बाहेर काढतो. आता त्याचाच ईमेल बघा, "आम्ही उच्च दर्जाच्या कास्टिंगचे अग्रगण्य उत्पादक असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे, तरी सेवेची संधी द्यावी." पुण्यातल्या परचेसवाल्याकडं असले ईमेल ढिगानं येतात, तो कशाला थांबेल? त्याला वजन, मटेरियल, डिलिव्हरी आणि रिजेक्शन आलं तर तुम्ही काय करणार एवढं पाहिजे, ते पहिल्या दोन ओळीत द्या. सब्जेक्टमध्ये नुसतं 'कोटेशन' न टाकता 'ग्रे आयर्न ब्रॅकेट, ५०० नग, सॅम्पल १५ दिवसात' असं टाकलं तर निदान उघडून तरी बघेल.

चपलेचं तर मला जास्त वाईट वाटतं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली आणि माहितीत लिहिलं नुसतं 'लेदर सँडल'. कोल्हापूरचं नाव नाही, कारागिराचा उल्लेख नाही, सगळ्यांना राग आला आणि तो बरोबरच होता. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीनं उत्तरात मान्य केलं की ही चप्पल भारतातल्या हातानं बनवलेल्या पारंपरिक चपलेवरनंच सुचलीय. एका नीट लिहिलेल्या पत्रानं एवढं होतं. मग आपलेच लोक ऑनलाइन विकताना काय लिहितात? 'ओरिजिनल कोल्हापुरी, बेस्ट क्वालिटी, सर्व साइज उपलब्ध'. अहो, चपलेचा प्रकार कुठला, कापशी आहे का पुकरी, ते सांगा की. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलंय, शिलाई चामड्याच्याच वादीनं केलीय, खिळा मारलेला नाही, सुरुवातीला जरा घट्ट वाटेल मग पायाचा आकार घेईल, हे सगळं चप्पल लाइनीतला दुकानदार गिऱ्हाइकाला घडाघडा सांगतो. २०१९ ला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क, मिळालंय, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण दिल्लीत बसून मोबाइलवर बघणाऱ्याला हे कळणार कसं, तिथं तुमचा आवाज पोचत नाही, तुम्ही लिहिलंय तेवढंच पोचतं.

गुळाच्या जाहिरातींचंही तेच, शंभर टक्के शुद्ध आणि आरोग्यदायी असं सगळेच लिहितात. तुम्ही काहिलीतला (मोठ्या कढईतला) रस साफ करायला रानभेंडी वापरता का, ऊस कुठल्या गावचा, ढेप कधी पाडली ते लिहा.

काही जणांना वाटतं इंटरेस्टिंग लिहायचं म्हणजे इमोजी, चार उद्गारचिन्हं आणि 'नाद खुळा ऑफर'. मला ते पटत नाही. वाचणारा थांबतो तो त्याच्या कामाची गोष्ट दिसली म्हणून. आणि हल्ली एआयकडनं लिहून घ्यायची सवय लागलीय, त्यानं भाषा गुळगुळीत होते पण सगळ्यांची सारखीच होते, खराब पीस तुम्ही आपल्या गाडीनं परत आणता हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कुठनं कळणार?

सगळ्यात जास्त नुकसान वसुलीच्या पत्रात होतं. "थकीत रक्कम लवकरात लवकर अदा करून उपकृत करावे" असं लिहिलेलं पत्र अकाउंटवाला बाजूला ठेवतो, कारण त्यात त्याला करायला काही दिलेलंच नसतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे, करार काहीही असला तरी पेमेंट ४५ दिवसांच्या आत द्यायला लागतं आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज लागतं, तेही दर महिन्याला चक्रवाढ. हे आपल्या लोकांना माहीत असतं पण लिहायला संकोच वाटतो. धमकी द्यायची गरजच नाही. बिल नंबर हा, माल या तारखेला तुमच्या गेटवर उतरला, पोच जोडलीय, ४५ दिवस होऊन गेलेत, शुक्रवारपर्यंत आरटीजीएस करा आणि काही अडचण असेल तर या नंबरवर फोन करा. चार ओळी, मान राखून, आणि समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळतं.

संपादक साहेब, तुमच्या उद्योगाच्या पानावर आठवड्यातनं एकदा थोडी जागा द्या. वाचकांनी आपलं एक खरं पत्र किंवा जाहिरात पाठवायची, नावगाव झाकून ती छापायची आणि शेजारी तीच सुधारून लिहिलेली द्यायची. पहिली दोन-चार पत्रं मी पाठवतो, कष्ट घ्यायची तयारी आहे.

आपला,
एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर