आण्णांचे दुसरे पाच हजार

सांगली, रविवार रात्र

प्रिय संज्या,

दोन वर्षं झाली, ना पत्र ना फोन. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर गोळीवर चाललीय. ते राहू दे. आज एक नोंद सापडलीय, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

आक्काला आण्णांचा सगळा जमाखर्च एका जागी हवा होता, म्हणून ग्नुकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घेऊन बसलो. बँकेकडून स्टेटमेंटं मिळाली सीएसव्हीत, म्हणजे नुसत्या ओळी-कॉलमांच्या साध्या फाइलीत. ओएफएक्स, म्हणजे खास बँकेच्या व्यवहारांसाठीची फाइल असती, तर प्रत्येक व्यवहाराला आपला वेगळा नंबर असता. ग्नुकॅश तो जपून ठेवतं आणि तीच फाइल पुन्हा घातली तरी जुनी नोंद ओळखतं. सीएसव्हीत असा नंबर नाही. तारीख, रक्कम, तपशील बघून जमवायचं. त्यात २०१९ चं स्टेटमेंट मी दोन तुकड्यांत उतरवलेलं, एप्रिल ते ऑगस्ट आणि ऑगस्ट ते मार्च. म्हणजे ऑगस्ट दोनदा आला. दोन्ही तुकडे एका शीटमध्ये खाली-वर ठेवले, तारीख आणि रक्कम हे दोन कॉलम धरले आणि दुबार ओळी काढून टाकल्या. मग ग्नुकॅशमध्ये भरलं.

शिल्लक जुळेना. बँकेपेक्षा बरोबर ५,००० जास्त.

तुझे काका रोजमेळ पुरा झाल्याशिवाय हळदीच्या पेढीला कुलूप लावायचे नाहीत, आठवतं? आपण बाहेर पोत्यांवर बसून भडंगाची पुडी संपवायचो. (माझा वाटा तू खायचास, हे आज लेखी नोंदवतो.) तसाच बसलो. मूळ फाइल उघडून ओळ न् ओळ ताडत गेलो आणि ऑगस्टात सापडलं. पुराचा आठवडा. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, गावभागात तुमच्या घरात पाणी. आण्णांनी एकाच दिवशी ५,००० दोनदा पाठवलेत. दोन्हीकडे तपशिलात नुसतं यूपीआय आणि १२ आकडी नंबर. नंबर वेगळे, शिल्लकही वेगळी. दुसऱ्या ओळीत ती आणखी ५,००० नी उतरलेली. मी शिल्लकेचा कॉलम धरला असता तर ही ओळ गेलीच नसती. खरी दुबार ओळ शिल्लकेसकट सारखी असते.

पहिले मला, पुण्याला. ते मला आठवतात. दुसरे कुणाला, ते आण्णांच्या मोबाइलमध्ये त्या नंबरावरून शोधलं. तुझं नाव निघालं.

संज्या, तेराव्याला तू पाकीट पुढं केलंस. "आण्णांचे आहेत, द्यायचे राहिले होते," म्हणालास. आणि मी भरल्या घरात, तुझ्या आईसमोर, "आमच्यावर दया दाखवू नकोस" म्हणून ते तुझ्या हातात परत कोंबलं. तू एक शब्द बोलला नाहीस. चपला घालून गेलास. मला वाटलं, आण्णा कुणाला पैसे देणार आणि मला सांगणार नाहीत? पण दिवाळीला एकाच ताग्यातून दोघांचे शर्ट शिवणारा माणूस पुरात एकालाच पैसे पाठवेल, हे मला कसं वाटलं? दोन वर्षं तू खरं बोलत होतास आणि मी तुला खोटं धरून बसलो. माझं चुकलं. काकूंचीही माफी मागायची आहे, ती मी समोर येऊनच मागेन.

वहिनींची बदली झाली का? चिमी यंदा दहावीला ना? तिला गणितात तुझ्यासारखं घाबरवू नकोस. पेढीचं काय चाललंय, तेही लिही.

ती ओळ परत भरली, शिल्लक जुळली. ग्नुकॅशमध्ये प्रत्येक रकमेला समोर एक खातं द्यावं लागतं. माझ्या पाच हजारांना मी "पोरांना दिलेले" असं खातं उघडलं होतं. तुझेही तिथंच टाकलेत. आण्णांनी माझे परत मागितले नव्हते, तेव्हा ते पाकीट आता आणू नकोस. तू ये.

तुझा,
पम्या