सई, हिशेब पुन्हा मांडलाय

एडिसन, न्यू जर्सी

चि. सई,

पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे, मराठी शाळेला भरलेले पैसे एकदा तरी वसूल होऊ देत.

परवा जेवताना तू म्हणालीस की कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे काढायचं शिक्षण, करायची आहे, आणि माझ्या तोंडून "फक्त दोन वर्षांची डिग्री?" असं निघून गेलं. तू ताट उचलून आत गेलीस. त्या 'फक्त'ची मला नंतर लाज वाटली, कारण मी स्वतः डिप्लोमावाला. दहावीनंतर कराडला तंत्रनिकेतनात गेलो तेव्हा हाच शब्द नातेवाईक माझ्यासाठी वापरायचे. माझे मित्र बारावी करून इंजिनिअरिंगला गेले, मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन बसलो. बाहेर पडलो सगळे एकाच वर्षी.

झोप लागेना, मग आकडे घेऊन बसलो.

२०२४-२५ साली देशभरात कम्युनिटी कॉलेजची वर्षाची फी सरासरी ४,०५० डॉलर होती. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या मुलांना ११,६१० आणि खाजगी कॉलेजात ४३,३५०. आपल्या जर्सीत पहिले दोन्ही आकडे याहून चढे आहेत, पण तू घरून जाणार म्हणजे खोलीचं भाडं आणि मेस वाचली. वर्गात वरच्या १५ टक्क्यांत आलीस तर राज्याच्या 'एनजे स्टार्स' शिष्यवृत्तीतून ट्यूशनही सुटू शकते. तेव्हा फीची काळजी मला फारशी नाही.

खर्च दुसरीकडे आहे. या कोर्सला हॉस्पिटलात दिवसा क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, असतं, आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे दुकानातली तुझी पार्ट टाइम नोकरी जवळजवळ जाणार. २०२५ च्या जर्सीच्या किमान वेतनाने, ताशी १५.४९ डॉलर धरून, शिकण्याऐवजी पूर्ण वेळ काम केलं तर वर्षाला ३२ हजार होतात. दोन वर्षं शिकायचं म्हणजे ६४ हजारांवर पाणी, चार वर्षं शिकायचं तर त्याच्या दुप्पट. कॉलेजच्या माहितीपत्रकात हा आकडा कधी छापत नाहीत.

आता कमाई. २०२४ साली पंचविशीच्या पुढच्या, पूर्ण वेळ काम करणाऱ्या लोकांत असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, डिग्रीवाल्याचा मधला पगार आठवड्याला १,०९९ डॉलर होता आणि चार वर्षांच्या बॅचलर्सवाल्याचा १,५४३. (मधला म्हणजे निम्मे लोक त्याच्या वर, निम्मे खाली.) वर्षाला २३ हजारांचा फरक. इथवर आलो तेव्हा वही मिटून तुला 'नाही' सांगणार होतो.

मग तुझ्याच कामाचा आकडा काढला. रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्टचा, म्हणजे एक्स-रे काढणाऱ्याचा, मधला पगार २०२४ साली वर्षाला ७७,६६० होता, म्हणजे आठवड्याला १,४९३. बॅचलर्सपेक्षा जेमतेम पन्नास डॉलर कमी, आणि तोही दोन वर्षं आधी सुरू होणारा! पुढे एमआरआयचं प्रमाणपत्र घेतलंस तर तिथे त्याच साली मधला पगार ८८,१८० होता. नव्या मुलीला पहिल्या दिवशी यातलं काही मिळत नाही, हे धरून चाल. पण असोसिएट डिग्रीचा वरचा आकडा मला फसवत होता. त्याच्यात दोन वर्षांत काहीतरी जनरल शिकून बाहेर पडलेले सगळे एकत्र मोजलेले असतात.

तरी दोन गोष्टी मला टोचतात.

पहिली, जागा. रेडिओग्राफीला जागा मोजक्याच असतात. आधी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत चांगले ग्रेड आणायचे, मग अर्ज करायचा. जागा मिळाली नाही तर वर्ष जातं, आणि 'दोन वर्षांचं' कधी चार वर्षांचं झालं ते कळत नाही. म्हणून कॉलेजला विचार: किती अर्ज येतात, किती जणांना घेतात? मान्यताप्राप्त कोर्सना किती मुलं कोर्स पूर्ण करतात, एआरआरटीच्या (या कामाचं प्रमाणपत्र देणारी संस्था) परीक्षेत किती पास होतात, किती नोकरीला लागतात, हे जाहीर करावंच लागतं. तो कागद बघितल्याशिवाय फॉर्म भरू नकोस.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवातली. मला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला कारण तशी वाट होती. इथे असोसिएट डिग्रीचे प्रकार आहेत: त्यातल्या ए.ए. आणि ए.एस. डिग्रीसाठी राज्याचा करार आहे, पुढे सरकारी विद्यापीठात त्यांचे क्रेडिट धरले जातात. ए.ए.एस., म्हणजे थेट नोकरीसाठीची डिग्री, मात्र त्या करारात बसत नाही. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या मुलाने हे न विचारता ए.ए.एस. केलं, आणि पुढे बॅचलर्सला गेल्यावर त्याचे निम्मे क्रेडिट वाया गेले. तुला आज पुढे शिकायचं नसेलही. तिशीत वाटलं तर? तुझ्या डिग्रीचं नाव यातलं नक्की कुठलं, आणि कोणत्या विद्यापीठाशी त्यांचा लेखी करार आहे, ते विचारून घे.

काल आजीला फोनवर सांगितलं की सई एक्स-रेचं शिकायचं म्हणतेय. ती म्हणाली, "म्हणजे फोटो काढणार? मग माझ्या गुडघ्याचा तिलाच काढू दे, इथला पोरगा पाय पिळतो." एवढं बोलून तिने विषय संपवला. मला तीन रात्री लागल्या.

मंगळवारी संध्याकाळी कॉलेजात माहितीसत्र आहे म्हणालीस ना? मी गाडी चालवतो. आत आलेलं नको असेल तर पार्किंगमध्ये बसेन.

तुझा,
बाबा