मंत्री महोदय, त्या रात्री मी वर्ध्याला होते

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

नागपुरातल्या एका शासकीय रुग्णालयात मी बावीस वर्षांपासून अधिपरिचारिका आहे. काल दुपारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. रुग्णालयातल्या नव्या कॉम्प्युटर नोंदीत रात्री 3 वाजून 10 मिनिटांनी मी एका पेशंटच्या इंजेक्शनची चुकीची नोंद केली म्हणे. त्या रात्री मी वर्ध्याला भाचीच्या हळदीला होते. रजा मंजूर होती, तीही ऑनलाइन.

लपवून काय उपयोग, सांगूनच टाकते. वॉर्डात चौघीजणी आणि लॉगिन एक, माझं. बाकीच्या तिघींच्या आयडीसाठी तीनदा अर्ज दिले. पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून मॉनिटरला डकवलाय. सलाईन लावताना हाताला लावतो तीच पट्टी. चूक आहे, कळतं आम्हाला. पण आयडी नाही म्हणून नोंद राहिली, तर त्याचीही नोटीस येतेच.

या कॉम्प्युटर नोंदीच्या उद्घाटनाला आपल्या खात्याचे साहेब म्हणाले होते, पहिले तीन महिने प्रत्येक वॉर्डात शिकवायला माणूस राहील. माणूस आला, एकदाच. हॉलमध्ये आम्ही ऐंशीजणी, पडद्यावर सगळं इंग्रजी, दोन तासांनी समोसा आणि प्रमाणपत्र. माउसला हात कुणाचाच लागला नाही. शेजारच्या सिस्टर निवृत्तीला आल्या आहेत. सुकलेल्या लेकराची शीर त्या टॉर्चच्या उजेडात शोधतात. प्रमाणपत्र घेऊन मला विचारतात, "काऊन वं, हे एंटर कुठं असते?"

एका पेशंटची नोंद करायला सात मिनिटं लागतात, तेही सर्व्हर चालू असेल तर. परवा वॉर्डात 52 पेशंट होते. झाली 364 मिनिटं. सकाळपाळी सहा तासांची, म्हणजे 360. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण औषधं, ड्रेसिंग आणि डॉक्टरांचा राउंड आता आम्ही उणे चार मिनिटांत उरकायचा. वर रजिस्टरही लिहायचं, कारण ऑडिटला कागद लागतो! शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, असा नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. वाचून हसू येतं, साहेब.

मी कॉम्प्युटरच्या विरोधात नाही. गडचिरोलीहून सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं लेकरू येतं, तेव्हा त्याची आई पन्नीतून कागद काढते. पावसात भिजून त्यांचा लगदा झालेला असतो. मागच्या वेळी रक्त कधी चढवलं, तिला आठवत नाही. ते पडद्यावर दिसलं तर मलाच हवंय. त्याच लेकराचा आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक टाकत होते, चौदा आकडे. अकराव्यावर पान अडकलं. मागून हाक आली, "सिस्टर, सलाईन सरली." उठून गेले तर नळीत रक्त उलटं चढलेलं. त्याची नोंद कुठल्या रकान्यात करू?

आमच्याकडे सगळं असंच. मशीन येते, फीत कापली जाते, चालवणाऱ्याचं पद रिकामं राहतं. हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपुरात येता, आम्ही मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर उभ्या राहतो, निवेदन घेतलं जातं, आणि अधिवेशन उठलं की तेही तुमच्याबरोबर मुंबईला जाऊन हरवतं. निवेदनांचीही एखादी ऑनलाइन नोंद ठेवा ना!

चौघींना चार आयडी द्या. वॉर्डात बसून, मराठीत, रात्रपाळीतही शिकवणारा माणूस द्या. दुसरं काही मागत नाही.

चौकशी होईपर्यंत माझं लॉगिन बंद केलंय. म्हणजे वॉर्डात आता एकही नाही. आज रात्रपाळी माझीच आहे.

आपली,
एक अधिपरिचारिका, नागपूर