मिक्स ऐकून कान उपटणाऱ्यांचे आभार

ठाण्यात घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये केलेल्या आमच्या जॅझी इलेक्ट्रॉनिक गिटार ट्रॅकचं मिक्स (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून केलेलं मिश्रण) ऐकून, नुसतं 'छान आहे' न म्हणता मिनिट-सेकंदासकट चुका सांगणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सगळ्यात मोलाची सूचना बेसची, म्हणजे खर्जातल्या आवाजाची. १० बाय १० फुटांच्या चौकोनी खोलीत भिंतींच्या दोन्ही जोड्या ५६ हर्ट्झच्या आसपासच घुमतात. म्हणून खोलीत भरदार वाटणारी किक (मोठ्या ड्रमचा ठोका) बाहेर पोकळ वाजते. हेडफोनवर ताडून पाहिलं, तसंच निघालं. गिटार आणि इलेक्ट्रिक पियानो २५० ते ४०० हर्ट्झमध्ये एकमेकांच्या पायात येत होते. पियानो तिथे ३ डेसिबल खाली घेतला आणि नाइन्थ कॉर्ड्सचे (जॅझमधल्या पाच सुरांच्या कॉर्ड्सचे) सूर सुटे झाले. (गिटारच वाढवत बसणं हा उपाय नव्हेच.) रिव्हर्बला (आवाजामागच्या घुमण्याला) २५ मिलिसेकंद प्री-डिले दिल्यावर, म्हणजे ते तेवढं उशिरा सुरू केल्यावर, तारेवरचा पिकचा ठोका शाबूत राहिला.

मोनोत, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐकायला लावणाऱ्यांना खास धन्यवाद. एका बाजूला १२ मिलिसेकंद उशिरा वाजणारी गिटारची कॉपी रुंदी देते खरी, पण दोन्ही बाजू एकत्र आल्या की काही फ्रिक्वेन्सी कटतात आणि फोनवर आवाज पत्र्यासारखा लागतो. कॉपी काढली, त्याजागी दुसरा टेक वाजवून लावला. लिमिटरही (आवाजाची शिखरं दाबणारा) सैल केलाय. ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) आता उणे १ डेसिबलवर आहे.